बारावी होऊनही पदवीचा अर्ज न भरणारी आणि भरून अर्ध्यावर थांबणारी मुले : नेमके काय करावे?

प्रश्न : खाडीकाठ (दापोली तालुका)

सर्वांना नमस्कार. मी किनाऱ्यालगतच्या एका गावातील कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. आमच्या मुलांचे पालक बहुतांशी नौकांवर खलाशी म्हणून जातात, आंबा-काजूच्या बागांत मजुरी करतात किंवा मासळी विकतात. कोकण विभागीय मंडळ स्वतंत्र झाल्यापासून बारावीच्या निकालात आपला विभाग सातत्याने पहिला येत आहे. २०२५ मध्ये आपला निकाल ९६.७४ टक्के लागला. निकालाच्या दिवशी गावात पेढे वाटले जातात, आणि आषाढ लागेपर्यंत त्याच मुलांपैकी कितीतरी जण विरार-नालासोपाऱ्याला काका-मामांकडे राहून एखाद्या दुकानात किंवा गोदामात कामाला लागलेले असतात.

घरोघरी जाऊन विचारले की पहिला शब्द ऐकू येतो तो ‘परवडत नाही’. मात्र शुल्क किती आहे, हे त्या घरातील कोणीही महाविद्यालयात जाऊन विचारलेले नसते. मुंबईतील एखाद्या विनाअनुदानित अभ्यासक्रमाचा आकडा कुणाकडून तरी कानावर पडलेला असतो आणि तोच सगळ्या शिक्षणाचा भाव आहे असे गृहीत धरले जाते. तालुक्याच्या ठिकाणच्या अनुदानित महाविद्यालयात कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेची पदवी त्याच्या अगदी थोड्या खर्चात होते, हे मी सांगितले तर पालकांना ते मला बरे वाटावे म्हणून बोललेले वाटते.

याहून अधिक टोचणारी गोष्ट म्हणजे जी मुले प्रवेश घेतात, त्यांतील अनेक जण दुसऱ्या वर्षाच्या आत थांबतात. गणपतीला घरी आलेला मुलगा पुन्हा वर्गात जातच नाही. कारण विचारले तर कुणी नीट सांगत नाही, आणि मलाही ते नीट कळलेले नाही, म्हणूनच येथे विचारत आहे. मुलांना प्रेरणा देणारी भाषणे आम्ही भरपूर करून पाहिली. ज्यांनी हे प्रत्यक्ष निभावले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी काय केल्याने मुलाने अर्ज भरला आणि काय केल्याने तो शेवटपर्यंत टिकला, एवढे सांगावे.

उत्तर १ : निवृत्त लिपिक, रत्नागिरी

बाई, मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात अनेक वर्षे शिष्यवृत्तीचे काम पाहिले. तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग कागदांचा आहे असे माझे मत आहे, आणि कागदांचे काम बारावीच्या निकालानंतर सुरू केले तर ते वेळेत होत नाही.

सर्वांत आधी जातीचे प्रमाणपत्र आणि त्याची वैधता, म्हणजे पडताळणी समितीने ते तपासून दिलेले प्रमाणपत्र. इतर मागास वर्गासाठी कुटुंबाच्या जातीचा आणि वास्तव्याचा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, तर अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. भंडारी, कुणबी कुटुंबांतील मुले आमच्या टेबलापाशी येत, तेव्हा वडिलांचा शाळेचा दाखला हातात असे, पण तो १९८० च्या दशकातला. आजोबा शाळेतच गेलेले नसल्याने १९६७ पूर्वीचे काही सापडत नाही, आणि एवढ्यावर घरचे हात टेकतात. अशा वेळी चुलत आजोबा, आत्तेआजी यांची नावे गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरमध्ये शोधावीत. तीही नसतील तर तहसील कार्यालयातील गाव नमुना १४, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यातील जन्म-मृत्यूच्या नोंदींचा उतारा मागावा. वंशावळ जुळवून हे सर्व पडताळणी समितीकडे देणे आणि निर्णय हाती येणे यांत महिने जातात. म्हणून हे काम मूल अकरावीत असतानाच सुरू व्हायला हवे. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेवरील प्रवेश केवळ वैधता प्रमाणपत्राअभावी हातचा गेलेला मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिला आहे, आणि त्या मुलांचे चेहरे मला अजून आठवतात.

दुसरा कागद उत्पन्नाचा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला नव्या आर्थिक वर्षाचा लागतो, त्यामुळे तो एप्रिल-मे महिन्यांत काढून ठेवावा. जूनमध्ये सेतू केंद्रावर सगळ्या तालुक्याची रांग असते, त्यात पाऊस आणि वारंवार जाणारी वीज. नॉन-क्रिमीलेअर, अधिवास आणि शिधापत्रिका यांचेही तसेच.

आता पैशांविषयी. राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्या महाडीबीटी संकेतस्थळावरून मिळतात. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्न मर्यादा ८ लाख रुपये आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी ती २.५ लाख रुपये आहे. वसतिगृहात राहणाऱ्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. केंद्राची एक शिष्यवृत्ती मात्र आपल्याकडे फारसे कुणी भरत नाही: बारावीला आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर (म्हणजे शंभरांतील पहिल्या विसांत) असलेल्या आणि साडेचार लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्याला पदवीची पहिली तीन वर्षे दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर वेगळा करावा लागतो. तुमच्या वर्गातील पहिल्या पाच-सहा मुलांनी तरी तो भरलाच पाहिजे, कारण बारा हजारांत एसटीचा पास, पुस्तके आणि परीक्षा शुल्क यांची बरीचशी सोय होते.

मुलींच्या मोफत शिक्षणाविषयी गावात फार गैरसमज आहे, त्यामुळे स्पष्ट लिहितो. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत, शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरते. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर हा लाभ मिळत नाही, आणि राहणे-जेवणे यात धरलेले नाही. ‘सगळे मोफत आहे’ असे ऐकून मुलगी जाते आणि पहिल्याच महिन्यात खानावळीचे बिल समोर येते, तेव्हा घरच्यांना फसवल्यासारखे वाटते. खरा खर्च आधीच सांगितला तर पालक तयारी करतात.

एक शेवटचे. शिष्यवृत्ती मंजूर होऊनही जमा होत नाही, याचे आम्हाला सर्वाधिक आढळलेले कारण बँक खाते हे होते. रक्कम आधार क्रमांकाशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. मोबाईलच्या दुकानात सिमकार्ड घेताना अंगठा दिला, त्यातून एखाद्या पेमेंट बँकेत खाते उघडले गेले, आणि शिष्यवृत्ती तिथे जाऊन पडली. मुलाला पत्ताच नाही. अर्ज भरण्यापूर्वी आपले आधार कोणत्या खात्याशी जोडलेले आहे, हे प्रत्येक मुलाने पाहावे. आणि अर्जाचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते, हे त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगावे. दुसऱ्या वर्षी अर्जच न केल्यामुळे शिष्यवृत्ती बंद पडते, आणि मग शिक्षणही बंद पडते.

उत्तर २ : बंदरावरची मुलगी

बाई, मी अशाच घरातून आले आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करते. आता रत्नागिरीत एका बँकेत नोकरी करते.

आपल्याकडे साधारणपणे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते, आणि पदवीचे प्रवेश नेमके त्याच दोन महिन्यांत होतात. हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. नौका किनाऱ्यावर ओढून शाकारलेली असते, वडील जाळी विणत घरी बसलेले असतात, तांडेलाकडून (नौकेच्या प्रमुखाकडून) घेतलेली उचल फिटायची असते, आणि अशा वेळी महाविद्यालयाच्या खिडकीवर प्रवेश शुल्क मागतात. ‘परवडत नाही’ या शब्दांचा अर्थ आमच्या घरात ‘या महिन्यात नाही’ असा होता. नारळी पौर्णिमेनंतर तेच पैसे उभे राहिले असते, पण तोपर्यंत प्रवेशाची तारीख उलटून गेलेली असते.

माझ्या आईने यावर एक मार्ग काढला होता. एप्रिल-मेमध्ये सुकवलेली सुकट, बोंबील आणि खारवलेले बांगडे यांतील एक पाटी ती वेगळी झाकून ठेवायची. पावसाळ्यात ताजी मासळी नसते, त्यामुळे सुक्या मासळीला तेव्हा चांगला भाव येतो. ती पाटी जूनच्या बाजारात विकून माझे शुल्क भरले गेले. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी मात्र आई आजारी होती आणि पाटी राहिली नव्हती. तेव्हा गावातील बचत गटाने उसने पैसे दिले आणि शिष्यवृत्ती जमा झाल्यावर आम्ही ते फेडले. तुमच्या गावात बचत गट असतील, मच्छीमार सहकारी संस्थाही असेल. त्यांनी फक्त जून-जुलैसाठी प्रवेशाची अशी उसनवारी ठेवली, तर अनेक मुले केवळ दोन महिन्यांच्या अडचणीमुळे कायमची थांबणार नाहीत. बँकेत काम करताना मी शैक्षणिक कर्जाचे अर्जही पाहते. साध्या पदवीसाठी कर्जाच्या वाटेला सहसा जावे लागू नये असे मला वाटते. आपल्याकडची गरज छोट्या रकमेची आणि थोड्या दिवसांची असते.

दुसरे, शिक्षण मध्येच का सुटते याबद्दल. पहिल्या वर्षी मी शिक्षण सोडण्याच्या बेतात होते, आणि त्याचे कारण पैसे नव्हते. आमच्या गावाची शेवटची एसटी पाच वाजता सुटायची आणि प्रात्यक्षिक साडेपाचला संपायचे. मी प्रात्यक्षिक अर्धे टाकून पळत स्थानक गाठायची, वही अपुरी राहायची, आणि वही अपुरी म्हणून बोलणी खायची. हे कुणाला सांगायचे असते, हेच मला माहीत नव्हते. शेवटी एका शिक्षिकेने विचारले, तेव्हा मी रडतच सांगितले आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी माझी तुकडी बदलून मला सकाळच्या गटात घातले. एवढ्यानेच माझी पदवी वाचली. म्हणून मुले गणपतीला घरी येतील, तेव्हा त्यांना ‘अभ्यास कसा चालला आहे’ असे विचारू नका. ‘गाडी किती वाजता मिळते, जेवण कुठे करतोस, वर्गात कुणाशी बोलतोस’ असे विचारा. एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते, हे बहुतेकांना ठाऊक असते, पण पास काढायला लागणारे महाविद्यालयाचे शिक्क्याचे पत्र पहिल्या महिन्यात न मिळाल्याने पूर्ण तिकीट भरून हैराण झालेली मुले मी पाहिली आहेत.

उत्तर ३ : नौकामालक, हर्णै परिसर

वरील दोन्ही उत्तरे आदराने वाचली. माझी शंका वेगळी आहे आणि ती मी मनापासून मांडतो. शिक्षण स्वस्त आहे, कागद वेळेत काढता येतात, हे सर्व मान्य. पण माझ्या ओळखीतील तीन मुले पदवी घेऊन पुन्हा गावातच बसून आहेत, आणि त्यांच्याकडे पाहून खलाश्यांची मुले विचारतात की तीन वर्षे घालवून काय मिळाले. या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय मुले अर्ज भरणार नाहीत. मुलगा सतराव्या वर्षी समुद्रावर आला तर घरात हंगामाचा हिस्सा येऊ लागतो, आणि बापाला तो नाकारणे सोपे नसते.

उत्तर ४ : निवृत्त लिपिक, रत्नागिरी

मालकांचे म्हणणे रास्त आहे. त्यावर मी एवढेच सांगेन की कोणता अभ्यासक्रम निवडावा, हा विचार आपण फार उशिरा करतो. आपल्याच किनाऱ्यावर काय उपलब्ध आहे ते पाहा. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे आणि रत्नागिरीजवळ शिरगाव येथे त्याचेच मत्स्य महाविद्यालय आहे, जिथे मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी मिळते. ज्या मुलाने लहानपणापासून जाळी, नौका, मासळीचा लिलाव पाहिला आहे, त्याला तेथील अर्धा विषय घरचाच वाटेल. रायगड जिल्ह्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. रत्नागिरी आणि मालवण येथे शासकीय तंत्रनिकेतने आहेत. दहावीनंतर तेथे पदविका करणाऱ्याला पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. मात्र मत्स्यशास्त्रासाठी बारावीला विज्ञान शाखा आणि सामायिक प्रवेश परीक्षा (सीईटी) लागते, म्हणजे ही माहिती दहावीच्या मुलाला मिळाली पाहिजे. बारावीच्या निकालानंतर आमच्याकडे येऊन ‘मला मत्स्य महाविद्यालयात जायचे आहे’ म्हणणारा कला शाखेचा विद्यार्थी मी पाहिलेला आहे. त्याला काय उत्तर द्यावे, हे मला तेव्हा सुचले नव्हते.

उत्तर ५ : सात वर्षांनी परतलेला

मी मालकांनी सांगितलेल्या खलाश्यांच्या मुलांपैकीच एक आहे, फक्त मी मुंबईला गेलो. पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रातच महाविद्यालय सोडले आणि एका गोदामात माल मोजण्याचे काम धरले. सात वर्षांनी तिथे पर्यवेक्षकाची जागा रिकामी झाली, आणि काम येत असूनही ती मला मिळाली नाही, कारण अटीत पदवी लिहिलेली होती. त्यानंतर मी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात नाव घातले. हे विद्यापीठ १९८९ साली नाशिकला स्थापन झाले आणि त्याची अभ्यासकेंद्रे ठिकठिकाणच्या नेहमीच्या महाविद्यालयांतच असतात. माझे संपर्क वर्ग रविवारी होत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यतेची ही पदवी स्पर्धा परीक्षांनाही चालते. मी ती पूर्ण केली.

बाई, तुमच्या यादीतील जी मुले आधीच थांबली आहेत, त्यांनाही कृपया सोडून देऊ नका. मी शिक्षण सोडले तेव्हा मला कुणी सांगितले नाही की परत येता येते. आता तर नव्या शैक्षणिक धोरणानुसार एक वर्ष पूर्ण केल्यास प्रमाणपत्र आणि दोन वर्षे पूर्ण केल्यास पदविका घेऊन थांबण्याची सोय आहे, आणि मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा राहतात. म्हणून जो मुलगा सोडण्याच्या बेतात आहे, त्याला एवढे तरी पटवून द्या की चालू सत्राची परीक्षा देऊनच जा. मी परीक्षेच्या तीन आठवडे आधी निघून गेलो होतो, आणि त्या सत्राचे माझ्या हाती काहीच राहिले नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. मुंबईत ‘घरबसल्या एका वर्षात पदवी’ देणारे दलाल फिरत असतात. माझ्या खोलीतल्या एका मित्राने त्यात वर्षभराची बचत घालवली. दूरस्थ पदवीला प्रवेश घेण्यापूर्वी ते विद्यापीठ आणि तो अभ्यासक्रम अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

तुम्ही दापोलीच्या आहात म्हणून आणखी एक आठवण लिहितो. मुरूडचे धोंडो केशव कर्वे शाळकरी वयात परीक्षेसाठी पायी घाट चढून साताऱ्याला गेले होते, आणि वय कमी दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. त्याच कर्व्यांनी पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. मी परत शिकायला लागलो तेव्हा साताऱ्याहून रिकाम्या हाताने परतणारा तो मुलगा मला फार जवळचा वाटला होता.

प्रश्नकर्ती : खाडीकाठ

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. ‘परवडत नाही’ म्हणजे ‘या महिन्यात नाही’, हे वाक्य वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. इतकी वर्षे किनाऱ्यावर राहून, बंदीच्या काळात शाकारलेल्या नौकांवरून रोज शाळेत जाऊनही माझ्या मनात ते आले नव्हते.

मालकांच्या शंकेला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण लिपिक काकांनी सांगितल्याप्रमाणे दहावीच्या पालकसभेत शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाची आणि तंत्रनिकेतनांची माहिती आम्ही या वर्षीपासून देऊ, आणि मालक, आपण त्या सभेला यावे अशी माझी विनंती आहे. आपण बोललात तर खलाशी बांधव ऐकतील. आपली शंका आपण तिथे जशीच्या तशी मांडली तरी चालेल.

बचत गटाच्या अध्यक्षा माझ्या शेजारीच राहतात. जून-जुलैच्या उसनवारीविषयी काल त्यांच्याशी बोलले. त्यांचा प्रश्न असा आहे की शिष्यवृत्ती लांबली तर परतफेड कधी धरायची. बंदरावरच्या ताई, आपल्या बहिणीच्या वेळी गटाने किती मुदत दिली होती आणि लिखापढी कशी केली होती, ते कळवाल का? गटाची बैठक पुढील आठवड्यात आहे.

थांबलेल्या मुलांपैकी चौघांचे दूरध्वनी क्रमांक माझ्याकडे आहेत, त्यांना मुक्त विद्यापीठाविषयी कळवते. आणि या शनिवारी अकरावीच्या वर्गात प्रत्येकाकडून आजोबा, चुलत आजोबा आणि आत्तेआजी यांची पूर्ण नावे व ते ज्या शाळेत गेले असतील त्या शाळेचे नाव लिहून घेणार आहे. आमच्या गावच्या शाळेची जुनी रजिस्टरे कपाटात बांधून ठेवलेली आहेत, आणि पावसाळ्यापूर्वी ती उघडून पाहायला मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे.